शहर लखलखीत झालं, मग राख गेली कुठं?

 

आजच्या भाषणाचा विषय आमच्याकडे कागदावर लिहून आला, तो असा : ‘हरित तंत्रज्ञान, उद्योगांतील बदल आणि शहरांची पर्यावरणीय कार्यक्षमता’. आम्ही सहयोगिनींनी तो कागद दोनदा वाचला. एकीने विचारलंच, अहो, शहराचा विषय आपल्या बायांना कशाला? त्यांच्या डोक्याला बचत, कर्जफेड आणि धानाचा चुकारा एवढं पुरेसं आहे. पण बोलता बोलता आमच्या लक्षात आलं, शहर पाणी पितं ते आपल्याकडच्या धरणाचं. त्याचं सांडपाणी येतं आपल्याकडच्या नदीत. त्याला लागणाऱ्या विजेची राख पडते ती गावाच्या शिवारात. मग विषय आपलाच झाला की.

आता ‘कार्यक्षमता’ म्हणजे काय ते आधी पाहू. समजा, सप्ताहाच्या काल्याला दोन गटांनी पाचशे-पाचशे माणसांचा स्वयंपाक केला. तोच भात, तीच भाजी. एका गटाला दोन बंड्या सरपण लागलं, दुसऱ्या गटाचं एका बंडीत भागलं. शिवाय दुसऱ्या गटाकडे धूर कमी, राख कमी, अन्न वाया गेलं नाही. तर दुसऱ्या गटाची कार्यक्षमता चांगली. शहराचंही असंच मोजतात. शहरातून माल किती तयार झाला, कामधंदा किती झाला, त्यासाठी पाणी, कोळसा, वीज, जमीन किती लागली, आणि मागे धूर, राख, घाण पाणी किती उरलं.

हे माप सुधारायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे चूल बदलायची, म्हणजे नवं तंत्र, नवी यंत्रं आणायची. दुसरी म्हणजे स्वयंपाकच बदलायचा, म्हणजे धूर काढणारा कारखाना जाऊन तिथे दुकानं, कार्यालयं, दवाखाने यायचे. या दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण आणखी एक चोरवाट आहे. आपल्या चुलीची राख शेजारणीच्या अंगणात नेऊन टाकायची! आपलं अंगण लखलखीत. मोजणारा फक्त आपल्याच अंगणात उभा असेल तर तो म्हणणार, वा, काय स्वच्छ बाई आहे! आज आम्हाला या चोरवाटेबद्दलच बोलायचं आहे, आणि त्यासाठी नागपूरचं उदाहरण घेतो, कारण ते आपल्याला जवळचं आहे.

नागपूरला गेलेल्या मैत्रिणींनी एम्प्रेस मॉल पाहिला असेल. थंडगार, चकाचक, आपोआप वर जाणारा जिना. त्या जिन्यावर पाय ठेवताना आमच्यातल्या एकीने तीन वेळा माघार घेतली होती, तिचं नाव आम्ही सांगत नाही. तर त्या जागेवर आधी एम्प्रेस मिल होती. जमशेदजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. विदर्भाचा कापूस तिथे जायचा, सूत निघायचं, कापड निघायचं. मिलच्या भोंग्यावर लोकांची सकाळ व्हायची. मग गिरणी तोट्यात गेली, सरकारने काही वर्षं चालवली, आणि २००२ साली ती कायमची बंद झाली.

शहराच्या हिशेबात काय झालं? बॉयलरचा धूर गेला. रंगाचं, ब्लीचिंगचं पाणी गेलं. आणि त्याच जागेवर आता दुकानांची मोठी उलाढाल होते. म्हणजे कागदावर माप सुधारलं. पण बायांनो, आपण कापड नेसणं थोडंच सोडलं? ते कुठेतरी तयार होतंच आहे. तुमच्या अंगावर आता सिंथेटिक साडी असेल तर ती बहुतेक सुरतेहून आली. म्हणजे धूर मुळात गेलाच नाही, त्याने गाव बदललं. मिलमधल्या माणसाची कायम नोकरी होती, फंड होता. त्याचा नातू आज मॉलच्या दारावर कंत्राटी चौकीदार असेल, तर शहराच्या स्वच्छतेचा भार त्यानेही उचलला म्हणायचा. हे कोणी मोजत नाही.

आता सुरतेचं नाव निघालंच आहे तर तिकडे एक चक्कर मारून येऊ. सुरत तापीच्या काठावर आहे. मेळघाटातलं पाणी सिपना नदीने तापीत जातं, अकोल्याकडचं पूर्णेने जातं, आणि सगळं मिळून सुरतेला पोचतं. खानदेशातली हजारो कुटुंबं तिथे कामाला आहेत. जुन्या बायांना १९९४ ची सुरतेतली प्लेगची साथ आठवत असेल. त्यानंतर त्या शहराने झाडलोट, गटारं, कचरा यांवर असं काम केलं की सगळ्या देशाने नाव घेतलं. पण साड्या रंगवणारे कारखाने होतेच. त्यांना कोळसा, लिग्नाइट जाळून वाफ करावी लागते, आणि चिमणीतून बारीक धूळ बाहेर पडते. ती श्वासातून छातीत जाते.

तिथे २०१९ साली एक नवी युक्ती सुरू झाली. आम्हाला ती आवडली, कारण ती बाजाराची आहे आणि आपल्याला बाजार कळतो. आधी सगळ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर मोजणारी यंत्रं बसवली. मग ठरवलं की या सगळ्या कारखान्यांनी मिळून महिन्याला एवढीच धूळ सोडायची, वर नाही. त्या धुळीच्या परवानग्या वाटून दिल्या. ज्याने चांगली जाळी, चांगलं फिल्टर लावून धूळ कमी केली, त्याच्याकडे परवानगी शिल्लक राहिली, ती त्याने विकायची. ज्याला जमलं नाही त्याने विकत घ्यायची. म्हणजे घाण करणाऱ्याच्या खिशाला चटका आणि स्वच्छ राहणाऱ्याला चार पैसे. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा या बाजारातल्या कारखान्यांची धूळ बाहेरच्या कारखान्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी निघाली. ही चूल खरंच बदलली. धूळ दुसऱ्या गावाला पाठवली नाही, जिथल्या तिथे कमी केली. आमच्या मते फरक ओळखायची खूण हीच.

सुरतेने आणखी एक केलं. शहराचं सांडपाणी चांगलं शुद्ध करून २०१४ पासून ते पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना विकायला सुरुवात केली. कारखान्याला पिण्याचं पाणी लागतच नाही. मग नदीचं गोड पाणी त्याला का द्यायचं?

हेच नागपुरातही झालं. आता जरा नीट ऐका, कारण इथे आपला थेट संबंध येतो. नागपूर शहर मुख्यतः पेंच धरणाचं पाणी पितं, काही कन्हान नदीचं. पेंचचा प्रकल्प म्हणजे रामटेक, पारशिवनी, मौदा या भागातल्या शेतीची आशा. त्या कालव्यावर धानाच्या बांध्या पिकतात. त्यातूनच शहर पाणी मागतं, आणि कोराडीचं, खापरखेड्याचं औष्णिक वीज केंद्रही पाणी मागतं. औष्णिक म्हणजे कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर यंत्र फिरवायचं. थंड करायलाही पाणीच लागतं, आणि ते थोडंथोडकं लागत नाही. पाऊस लांबला की सगळ्यांची ओढाताण. जुलै २०१९ मध्ये तर नागपुरात एक दिवसाआड नळ सोडायची पाळी आली होती.

तर झालं असं, की भांडेवाडीला महानगरपालिकेचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. तिथलं दिवसाला १३ कोटी लिटर शुद्ध केलेलं पाणी नळाने कोराडीच्या वीज केंद्राला न्यायचं ठरलं. २०१५ च्या सुमारास ते सुरू झालं. पुढे दिवसाला २० कोटी लिटरचं आणखी एक केंद्र झालं. म्हणजे संडासाचं, मोरीचं पाणी आता वीज तयार करायला चाललं. जेवढं हे पाणी जातं, तेवढं धरणातलं पाणी वीज केंद्राला लागत नाही. मैत्रिणींनो, आम्हाला विचाराल तर शहरांनी आजवर केलेल्या कामांत हे फार शहाणपणाचं काम आहे. मेट्रोपेक्षाही मोठं. पण मेट्रोचे फोटो निघतात, गटाराच्या पाण्याचे कोण काढणार?

आता प्रश्न असा : वाचलेलं पाणी गेलं कुणाकडे? शहराची वस्ती वाढतेच आहे, तेही पाणी शहरच पिऊन टाकेल, की कालव्याच्या शेवटच्या टोकाला एक पाळी जास्त मिळेल? हे आपोआप ठरत नाही. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, पाणी वापर संस्थेत ठरतं. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था झाल्या आहेत. तुमच्या गावात ती असेल तर सातबाऱ्यावर नाव असलेल्या किती बाया तिच्या सभेला जातात? आम्ही आमच्या प्रभागात विचारलं तर बहुतेकींनी सांगितलं, हे जातात. बरं, ‘हे’ घरी येऊन काय झालं ते सांगतात का? त्यावर सगळ्या हसल्या.

आणि सगळंच सांडपाणी काही शुद्ध होऊन वीज केंद्राला जात नाही. उरलेलं नाग नदीत जातं. नाग नदी नागपूरच्या मधून वाहते, शहराचं नावच तिच्यावरून पडलं. ती पुढे पिवळी नदीला घेऊन कुही तालुक्याकडे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८८ साली त्या धरणाचं भूमिपूजन झालं. त्यासाठी गावं उठली, जमिनी गेल्या. आणि ज्या जलाशयासाठी एवढं सोसलं, त्यात शहराची घाण येऊन साचते. पाण्यावर जलपर्णी पसरते, जाळं टाकता येत नाही, ढीवर बांधवांच्या मासेमारीवर त्याचा फटका बसतो. भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्याची तक्रार कितीदा पेपरात येते ते तुम्ही वाचतच असाल. आता नाग नदी साफ करण्यासाठी जपानच्या कर्जाच्या मदतीने शेकडो कोटींचा प्रकल्प मंजूर झाला आहे. तो नीट झाला तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा नागपूरला नव्हे, खालच्या गावांना होणार आहे. म्हणून त्याची चौकशी खालच्या गावांनी जास्त करायला हवी.

पाण्यावरून आता विजेकडे येऊ. कोराडीला १९७४ पासूनचे जुने १२० मेगावॅटचे चार संच होते. ते बंद केले. त्यानंतर २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच सुरू झाले. हे नवे संच म्हणजे प्रेशर कुकर समजा. उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला जेवढं जळण लागतं त्यापेक्षा कुकरमध्ये कमी लागतं, तसंच इथे. वाफेचा दाब आणि उष्णता खूप जास्त ठेवतात, त्यामुळे एका युनिटमागे कोळसा कमी जळतो. याला म्हणायचं चूल बदलणं. चांगलीच गोष्ट आहे.

पण हिशेब पुढे करा. जुने चार संच मिळून ४८० मेगावॅट. नवे तीन मिळून १,९८० मेगावॅट. चौपटीहून जास्त! कुकर घेतला खरा, पण पंगत चौपट वाढवली. एका ताटामागे सरपण कमी, पण बंड्या मोजल्या तर जास्तच. सरकारी कागदात तुम्हाला बहुतेक वेळा ‘युनिटमागे किती’ हे वाचायला मिळेल. चिमणीखालच्या गावाला मात्र ‘एकूण किती’ हे सोसायला मिळतं. चिमणीतून निघणाऱ्या गंधकाच्या धुरासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्येच नवे नियम केले, आणि मग ते पाळायची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. आपल्या गटाच्या हप्त्याला कोणती बँक अशी मुदत देते ते आम्हाला एकदा बघायचं आहे.

या विजेत आपलाही वाटा आहे हो, तो लपवायचा नाही. आपल्या देशातल्या कोळशाने एक युनिट वीज करायची तर साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. आपला कोळसा राखेचा, त्यामुळे एका युनिटमागे पावशेराच्या आसपास राख उरते. तुमचं बिल महिन्याला ८० युनिटचं असेल तर कुठेतरी तुमच्या नावाने वीसेक किलो राखेचं पोतं भरलं. आता जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट जातात. नऊ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटही लागत नाही. म्हणजे एका बल्बमागे महिन्याला पाच किलो कोळसा जळायचा वाचला, आणि बिलही कमी आलं. गोठ्यात, न्हाणीत अजून कुणाचा जुना बल्ब लटकत असेल तर या आठवड्यात तो उतरवा.

शहरात आता विजेवरच्या बस, विजेवरच्या रिक्षा आल्या. सीताबर्डीच्या चौकात नाकाला रुमाल कमी लावावा लागतो, ते खरं. तो धूर काही अंशी कोराडीच्या चिमणीकडे गेला, तेही खरं. तरी आम्ही म्हणू की बदल चांगला. विजेची गाडी कमी इंधनात जास्त चालते, आणि उद्या ती वीज सूर्याची झाली तर चिमणीचा प्रश्नही कमी होतो.

मुख्य गोष्ट राखेची. एवढी राख ठेवतात कुठे? पाण्यात कालवून नळाने तलावात सोडतात, त्याला राखेचा बंधारा म्हणतात. १६ जुलै २०२२ ला भर पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राखेचा गाळ नाल्यात, शेतात, घरापर्यंत गेला. राख पांढुरकी, मऊ, गालाला लावायच्या पावडरसारखी दिसते. पण तिच्यात पारा, आर्सेनिक, शिसं असे विषारी धातू थोड्या प्रमाणात असतात. ती विहिरीत झिरपली तर पाणी बिघडतं, वाळून उडाली तर खोकला होतो. त्याच वर्षी पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावला खापरखेड्याची राख टाकणं लोकांच्या तक्रारीनंतर थांबवावं लागलं होतं. नागपूरच्या दिव्यांची राख नागपुरात पडत नाही. ती खसाळ्यात, नांदगावात पडते. शेजारणीचं अंगण म्हटलं ते हेच.

या राखेचं काही चांगलं होतं का? होतं. सिमेंटमध्ये जाते, रस्त्याच्या भरावात जाते, विटा होतात. सरकारने १९९९ मध्येच राख वापरण्याचे नियम केले, आणि २०२१ च्या अधिसूचनेने सांगितलं की वीज केंद्रांनी सगळीच्या सगळी राख वापरात आणायची, नाहीतर दंड. विटेचं म्हणाल तर राख, दगडाची चुरी किंवा रेती आणि सिमेंट किंवा चुना मिसळायचा, यंत्राने दाबायचं आणि दोन-तीन आठवडे पाणी मारायचं. भट्टी नाही, कोळसा नाही, आणि मुख्य म्हणजे शेताची वरची माती खणावी लागत नाही. लाल विटेसाठी किती बांध्या खड्डे होऊन पडल्या ते आपण पाहतोच.

आमच्या प्रभागातल्या दोन गटांनी या विटांचा व्यवसाय करायचं मनावर घेतलं आहे. त्यावर आमची मागच्या महिन्यात लांब चर्चा झाली, चहा दोनदा झाला. हौस चांगली आहे, पण चार गोष्टी नीट पाहिल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका असं आम्ही त्यांना सांगितलं. राख फुकट मिळाली तरी ट्रकचं भाडं कोण देणार, हे लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल ताई’ चालणार नाही. पाणी मारायला उन्हाळ्यात बोअरला पाणी राहील का, ते पाहा. गावातला गवंडी अजून लाल वीटच मागतो, राखेची वीट त्याला जड वाटते, कोपऱ्याला फुटते म्हणतो, तर गिऱ्हाईक आधी शोधा. घरकुलाची कामं, शाळेच्या भिंती, ग्रामपंचायतीची कामं, तिथे विचारा. आणि कोरडी राख उघड्यावर चाळायची नाही. ती ओली ठेवायची, तोंडाला नुसता पदर नाही तर धुळीचा मास्क लावायचा. पदरातून राख जाते. शहराची घाण कमी करायला आपल्या पोरीबाळींची छाती गहाण टाकायची नाही.

त्या चर्चेत एक बाई म्हणाल्या, त्यांनी घाण करायची आणि आपण त्याच्या विटा पाडायच्या, हा कुठला न्याय? दुसरी म्हणाली, न्याय नंतर बघू, मला घराजवळ काम पाहिजे. आम्हाला दोघींचंही पटलं. म्हणून ठरवलं की विटांचा हिशेब एका वहीत आणि प्रश्नांचा हिशेब दुसऱ्या वहीत, दोन्ही चालू ठेवायचे.

प्रश्न विचारायची जागा कोणती, ते सांगतो. मोठा कारखाना, खाण, वीज केंद्र यायचं असेल किंवा वाढवायचं असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तिची जाहिरात निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. प्रकल्पाचा थोडक्यात अहवाल मराठीत असावा लागतो आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात वाचायला मिळतो. सुनावणीत कुणीही बोलू शकतं, लेखीही देऊ शकतं. कोराडीला आणखी दोन ६६० मेगावॅटच्या संचांसाठी मे २०२३ मध्ये अशी सुनावणी झाली. उन्हाचा मे महिना! तिथे जाऊन काय विचारायचं? आमच्या वहीत लिहिलं आहे ते वाचून दाखवतो. युनिटमागे किती ते सांगितलंत, आता एकूण कोळसा, एकूण पाणी, एकूण राख किती ते सांगा. राख कोणत्या गावाच्या कोणत्या गटनंबरात जाणार? पाणी कोणत्या धरणाचं? त्या धरणावर आधी कुणाची पाळी होती? विहिरीचं पाणी दर किती महिन्यांनी तपासणार आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणार का?

हेच प्रश्न सूर्याच्या विजेलाही विचारायचे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. गावाजवळ सौर पॅनल लावून शेतीच्या पंपाला दिवसा वीज द्यायची. रात्री-बेरात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाची वाट बघत दारात बसलेल्या बाईला दिवसाच्या विजेची किंमत सांगायला नको. साप, विंचू, बिबट्या, सगळंच आलं. धूर नाही, राख नाही. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आहे. हे सगळं उत्तम. पण पुष्कळ ठिकाणी ही जमीन गायरान असते. त्या गायरानावर भूमिहीन बायांच्या शेळ्या चरतात, तिथून त्या गोवऱ्या, काड्या आणतात. त्यांचं नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नाही, म्हणून भाड्यातही नाही. ग्रामसभेत ठराव येईल तेव्हा शेळीवाल्या बायांसाठी बाजूला किती जागा ठेवणार, हे ठरावातच लिहून घ्या. ठराव झाल्यावर विचाराल तर ग्रामसेवक म्हणेल, ताई, आता वही वर गेली.

बरं, वेळ संपत आला, स्टुडिओतली ताई काचेतून हात दाखवते आहे. विटांच्या दोन गटांसाठी निरोप आहे. येत्या बुधवारी आपण चालू असलेला राखेच्या विटांचा कारखाना बघायला जातो आहोत. गाडी सकाळी आठला आठवडी बाजाराच्या चौकातून निघेल, भाडं माणशी ऐंशी रुपये, डबा सोबत आणायचा. अध्यक्ष आणि सचिव आल्याच पाहिजेत, आणि बाकीच्यांपैकी जिला हिशेब चांगला येतो ती एक. मालकाला विचारायचे प्रश्न घरून लिहून आणा. ट्रकचं भाडं पहिला प्रश्न. ज्या गटांना आपल्या विहिरीचं पाणी तपासून घ्यायचं आहे, त्यांनी ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकाकडून नमुन्याची बाटली घ्यावी, प्लास्टिकची जुनी बाटली चालत नाही. पुढच्या भाषणात बोलू महिला गटांच्या बियाणे बँकेबद्दल. नमस्कार.